उरलेले एकोणचाळीस तास

आफ्रिकेचा किनारा वरून कसा दिसतो ते राधाकिशन देशमुख सांगत होता आणि गहिनीनाथला मळमळायला लागलं होतं.

चकलांब्यात शाळेपुढच्या मैदानात मांडव घातला होता. १९४७ चा चैत्र; सकाळी नऊलाच जमीन तापलेली. राधाकिशन त्या उन्हात कातडी कोट घालून उभा होता. कोटाखालून घामाचा आणि अत्तराचा एकत्र वास येत होता, आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या गहिनीनाथला तो चुकवायला जागा नव्हती. सात दिवस सात रात्री पाण्यावरून विमान हाकलं, खाली देवमासे बेटांसारखे पडलेले दिसायचे, असं राधाकिशन म्हणाला. लोक तोंड उघडं टाकून ऐकत होते. त्याचे वडील आप्पा देशमुख पहिल्या ओळीत लोडाला टेकून पान चघळत होते आणि अधूनमधून गहिनीनाथकडे बघून मान डोलवत होते, जणू दोघांचं मिळून एक गुपित आहे.

गहिनीनाथला खरं ठाऊक होतं, कारण राधाकिशनला समुद्रावर नेणारा तोच होता. हा मुलगा समुद्रावर अकरा तास उडाला होता. त्यातले चार तास तो कागदी पिशवीत तोंड घालून बसला होता. आफ्रिका त्यानं नकाशावरही नीट पाहिली नव्हती.

गहिनीनाथ याच गावचा. बाप आश्रुबा आप्पांच्या जमिनीत राबला आणि तिथंच वारला. पोरगा गणितात तल्लख निघाला. अंबाजोगाईच्या शाळेच्या हेडमास्तरांना आप्पांनी चिठ्ठी लिहिली म्हणून त्याला तिथं घेतलं. तिथून तो मुंबईला गेला, फौजेच्या विमानदळात भरती झाला, आणि लढाईच्या सहा वर्षांत समुद्रावर गस्त घालता घालता दिशा धरायची विद्या शिकला. ज्याच्या गावची नदी उन्हाळ्यात चालत ओलांडता येते, तो चारी बाजूंनी पाणीच पाणी असताना घड्याळ, होकायंत्र आणि सूर्य यांच्यावर वाट काढू लागला. लढाई संपली. मुंबईतल्या एका नव्या कंपनीनं एडनमार्गे आफ्रिकेला उतारू न्यायचं ठरवलं आणि वैमानिकांना समुद्राची तालीम द्यायला त्याला ठेवलं. नियम साधा होता. वैमानिकानं जाणत्या माणसाशेजारी बसून समुद्रावर पन्नास तास काढायचे. एकेक तास त्याच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, चढायचा. गहिनीनाथनं खाली सही केली की मगच त्याला परीक्षेला बसू द्यायचं.

राधाकिशन हैदराबादला विमान चालवायला शिकून त्याच कंपनीत आला होता. अकरा तासांनंतर त्यानं कान दुखतो म्हणून रजा टाकली आणि गावी निघून आला. आता गहिनीनाथ आईला भेटायला महिनाभर आला होता, आणि आप्पांनी दुसऱ्याच दिवशी दोघांच्या सत्काराचा मांडव घातला होता.

सत्कार झाला, नारळ झाले. आप्पांनी त्याला घरी जेवायला नेलं. आजवर त्या घरात तो अंगणाच्या पुढं गेला नव्हता. आज त्याला बैठकीत गादीवर बसवलं. इतकी वर्षं 'गहिन्या' म्हणणारे आप्पा आज 'कॅप्टन' म्हणत होते. मटणाच्या तुपकट हातानं त्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली, तेव्हा सदऱ्यावर पाच बोटं उठली. पितळी पिकदाणी त्यांच्या मांडीला लागून होती. बोलता बोलता ते तिच्यात थुंकत आणि काठावरून लाल धार खाली ओघळत राही. गहिनीनाथचं लक्ष पुन्हा पुन्हा त्या धारेकडे जात होतं आणि घास तोंडात फिरत होता.

आप्पांनी लॉगबुक काढून त्याच्यासमोर ठेवलं.

"एकोणचाळीस तास ऱ्हायलेत म्हणं," ते म्हणाले. "दस्तखत करून टाका."

"ते तास अजून उडायचे आहेत, आप्पा."

"वर आभाळात तुमी दोघंच. खाली पाणी. कोण मोजायला बसलंय तिथं?"

हे ते इतक्या सहज म्हणाले, की गहिनीनाथला आधी रागसुद्धा आला नाही. कारण हेच वाक्य त्यानं दोन वर्षांपूर्वी ऐकलं होतं, आणि तेव्हा त्यानं सही केली होती.

लढाईच्या शेवटच्या वर्षी तो कॅप्टन सप्रे यांच्या विमानात दिशा दाखवायच्या कामावर होता. सप्रे गोड माणूस, सगळ्यांना हसवायचा. त्याच्या लॉगबुकात समुद्रावरचे तीनशे तास होते. कराचीहून मसिरा नावाच्या लहानशा बेटावर जायचं होतं, मागं चौदा माणसं. सकाळीच धुकट झालं. समुद्र आणि आभाळ एकाच राखाडी रंगाचे झाले, मधली रेघ पुसली गेली. अशा वेळी वैमानिकानं बाहेर बघणं सोडून समोरच्या यंत्रांच्या काट्यांवर विश्वास ठेवायचा असतो. महिनोन्‌महिने तालीम देतात ती तेवढ्यासाठीच. सप्रेला ते जमेना. बेट डावीकडे राहिलं, असं त्याच्या मनानं घेतलं आणि त्यानं विमान दक्षिणेला वळवलं, जिकडे दोन हजार मैल पाण्याशिवाय काही नाही. गहिनीनाथनं तीनदा बरोबर दिशा लिहून दिली. सप्रेनं तिन्ही कागद चुरगाळून पायाशी टाकले. ज्या मिनिटानंतर निघालो तिथं परतायला पेट्रोल पुरत नाही, ते मिनिट घड्याळावर आधीच खुणावून ठेवलेलं असतं. ते मिनिट आलं आणि गेलं. शेवटी भर मध्यान्ही ढगांत फट पडली. छतावरच्या काचेच्या घुमटात उभं राहून गहिनीनाथनं सूर्याची उंची मोजली आणि आपण किती दक्षिणेला आलोय ते सप्रेला दाखवलं. सप्रे ओकला, स्वतःच्या मांडीवरच, आणि मग लहान मुलासारखा सांगेल तसं वागला. ते उत्तरेला वळून, किनारा धरून मसिराला उतरले तेव्हा टाकीत दहा मिनिटांचंही पेट्रोल नव्हतं.

उतरल्यावर सप्रेनं विजार पुसली आणि लॉगबुकात लिहिलं: प्रवास ठीक. मग त्यानं कबूल केलं, तीनशेतले अडीचशे तास त्याच्या एका मित्रानं सह्या करून दिले होते. हात धरून तो म्हणाला, वर आपण दोघंच होतो, कोण बघायला आलं होतं? गहिनीनाथनं खाली सही केली, आणि स्वतःच्या लॉगबुकातही तेच लिहून सही केली. आठ महिन्यांनी सप्रे अकरा माणसांसकट त्याच समुद्रात गेला. विमानाचा एक पत्राही सापडला नाही.

हे सगळं आप्पांना सांगावं असं त्याच्या मनात आलं. त्यानं सांगितलं नाही. समोरच्या पिकदाणीत ते बोलणं पडेल, असं त्याला वाटलं.

घरी आई वाट बघत बसली होती. जानकीबाईला सगळं आधीच कळलं होतं. आप्पांकडून निरोप येऊन गेला होता. ती म्हणाली, "नाथा, तेंच्या चिठ्ठीवर तू शिकलास. एक दस्तखत करायला तुझं काय जातं?"

मग तो पेचात पडला आणि त्यानं मधली वाट काढली. नंतर त्याला त्या मधल्या वाटेचीच जास्त शिसारी आली, पण त्या दिवशी ती शहाणपणाची वाटली. तो आप्पांना म्हणाला, एकोणचाळीस तास मी लिहिणार नाही. पण राधाकिशनला दिशा धरायची मूळ विद्या येत असेल, तर कंपनीला चांगलं पत्र देईन, बाकीचे तास लवकर भरायची सोय करीन. इथंच परीक्षा घेतो.

आप्पांची दमणी होती, घरातल्या बायकांसाठी पडदे लावलेली बैलगाडी. गहिनीनाथनं तीच मागितली. पडदे बांधून राधाकिशनला आत बसवायचं. हातात होकायंत्र, घड्याळ, कोरा कागद. बैल किती वेगानं चालतात ते त्यानं आदल्या दिवशी दोन विहिरींमधलं अंतर मोजून काढलं. चाकांच्या लोखंडी धावा, म्हणजे पट्ट्या, सुईला किती ओढतात तेही खडूनं लाकडावर लिहून ठेवलं. गाडी कुठंही वळेल. आतल्या माणसानं प्रत्येक वळण सुईवर ओळखायचं, वेळ मांडायची, रेघ ओढायची आणि दोन तासांनी आपण कुठं आहोत ते सांगायचं. समुद्रावरही एवढंच असतं. रान मोकळं होतं, ज्वारी निघाली होती, काळी जमीन भेगाळून चहूकडे सारखी पडली होती.

गाडी हाकायला आप्पांचा सालदार सटवा होता. गहिनीनाथ आणि तो लहानपणी एकाच बांधावर गुरं राखायचे. गहिनीनाथ त्याच्या शेजारी बसला आणि न बोलता हातानं दिशा दाखवत गेला. सटवा त्या दिवशी काही बोलला नाही. एरवी तो बैलांशी सारखा बोले. आज कासरा हातात धरून समोर बघत होता. एकदा मात्र त्यानं गहिनीनाथकडे पाहिलं, आणि काही म्हणेल असं वाटेपर्यंत तोंड फिरवलं.

दोन तासांनी गाडी थांबली. आतून राधाकिशनचा आवाज आला: आमराईच्या वायव्येला, ओढ्यापासून दोनशे पावलं.

ते तंतोतंत बरोबर होतं.

गहिनीनाथला इतका आनंद झाला, की त्याला स्वतःची लाज वाटली. आपण या पोराला उगाच कमी लेखलं. अत्तर लावतो, थापा मारतो, पण डोकं आहे. त्यानं पडदा सोडला, राधाकिशनच्या हातात हात दिला, कागद घेतला. रेघ सरळ, सुबक होती. होकायंत्र परत पेटीत ठेवायला त्यानं उचललं आणि त्याचा हात थांबला.

प्रवासात सुई हलून खराब होऊ नये म्हणून ती अडकवून ठेवायचा एक लहान खटका असतो. खटका सोडल्याशिवाय सुई फिरत नाही. तो सकाळी लावून दिला होता तसाच लागलेला होता. दोन तासांत राधाकिशननं होकायंत्राला हातसुद्धा लावला नव्हता.

आप्पा आमराईत खाट टाकून बसले होते, आजूबाजूला गावातली चार माणसं. गहिनीनाथ तिथं गेला. सगळ्यांदेखत त्यानं सटवाला हाक मारली आणि विचारलं, यानं कसं ओळखलं?

सटवा खाली बघत उभा राहिला. मग म्हणाला, "मालकांनी काल मागच्या पडद्याची शिवण उसवायला लावली. माझ्याच हातानं उसवली."

राधाकिशन हसला. थोडं ओशाळून, पण हसला. आणि आप्पा तर खदखदून हसले. पानाचा रस हनुवटीवर आला तो त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसला. त्यांच्या तोंडावर लाज औषधालाही नव्हती. पोराचं कौतुक होतं. "आपलंच रान, आपलीच गाडी," ते म्हणाले. "डोळे असून कशाला झाकून बसायचं? हुशार हाय का न्हाई, सांगा."

"समुद्रावर पडदा कोणी बांधत नाही, आप्पा. तो आपोआप येतो. आणि मागं माणसं बसलेली असतात."

"माणसं काय, रोजच मरत्यात."

जमलेल्यांपैकी दोघं हसले. गहिनीनाथनं त्यांच्याकडे पाहिलं. एक तलाठी होता, एक शाळेचा मास्तर. त्यानं लॉगबुक मागितलं. आप्पांना वाटलं काम झालं. त्यांनी स्वतःच्या हातानं दिलं. त्यानं खाटेच्या कडेवर वही टेकवून लिहिलं: समुद्रावरचे एकूण तास अकरा. त्याखाली लिहिलं: समुद्रावर पाठवण्यास लायक नाही. सही केली आणि ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

मग आप्पा सटवाला म्हणाले, "बैलं सोड आन घरी जा. उद्यापासून येऊ नको." आणि गहिनीनाथकडे वळून म्हणाले, "आमच्या चिठ्ठीवर शाळंत गेलतास, गहिन्या. इसरू नको."

ते पुन्हा 'गहिन्या' म्हणाले, याचं त्याला बरंच वाटलं. त्या कॅप्टनपेक्षा हे परवडलं.

दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून देताना आई एवढंच म्हणाली, "तू जाशील. मला हितंच ऱ्हायचंय." तो मुंबईला चल म्हणाला. तिनं मान हलवली.

मुंबईत त्यानं कंपनीला सगळं कळवलं, राधाकिशनचं नाव काढून टाकलं गेलं, आणि प्रकरण मिटलं असं तो समजला. श्रावणात त्याला कळलं, की राधाकिशन दुसऱ्या एका कंपनीत लागलाय. जुनं लॉगबुक हरवलं असं सांगून त्यानं नवं केलं होतं. त्यात समुद्रावरचे साठ तास होते, आणि खाली कुणा दुसऱ्याची सही. तो एडनच्या वाटेवर उतारूंच्या विमानात कॅप्टनशेजारी बसू लागला होता.

ही बातमी देणारा सोबती चहा पीत होता. तो म्हणाला, "जाऊ दे रे. आपण तर सही केली नाही ना?"

गहिनीनाथला त्याच्या ओठांवरचा चहाचा ओला काठ दिसला आणि तोही असह्य झाला. त्या दिवसांत त्याला सगळ्यांचीच किळस येई: जेवणाऱ्यांची, हसणाऱ्यांची, सह्या करणाऱ्या हातांची. दाढी करताना आरशात पाहणंही नको वाटे.

त्यानं परवाने देणाऱ्या सरकारी कचेरीला पत्र लिहिलं. त्यांनी बोलावलं. अधिकारी सभ्य होता. तो म्हणाला, तुमचा एकट्याचा शब्द, समोर साठ तासांवर रीतसर सह्या. तुमचं त्याच्या वडिलांशी गावात वैर आहे, असंही कळतं. अशा खोट्या सह्या होतात याला पुरावा काय?

मग गहिनीनाथनं आपलं स्वतःचं लॉगबुक पुढं केलं. मसिराच्या दिवसाचं पान उघडलं. प्रवास ठीक, खाली त्याची सही. ते खोटं आहे, हे त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं. कसं घडलं, सप्रे काय म्हणाला, आठ महिन्यांनी किती माणसं गेली. अधिकाऱ्यानं टाक खाली ठेवला.

"हे तेव्हाच का नाही कळवलंत?"

मित्र होता, असं तो म्हणू शकला असता. त्यानं वही तशीच उघडी अधिकाऱ्यापुढं सरकवली.

चौकशी झाली. ज्यानं साठ तासांवर सही केली होती, त्याला बोलावल्यावर त्यानं पाऊण तासात सगळं कबूल केलं. राधाकिशनचा परवाना रद्द झाला. गहिनीनाथचा दोन वर्षांसाठी काढून घेतला.

निकालाच्या दिवशी कचेरीच्या व्हरांड्यात राधाकिशन त्याच्याजवळ आला. आता अंगात कोट नव्हता. तो हळूच म्हणाला, "बरं झालं, नाथभाऊ. मला पाण्याची लई भीती वाटते. खाली बघितलं की हातपाय गळतात. आप्पांना सांगायचं धाडस न्हाई झालं."

"आणि मागच्या माणसांना? त्यांना सांगितलं होतंस?"

गहिनीनाथला त्याची कीव यायला हवी होती. आली नाही. वीस जणांना घेऊन हा मुलगा बापाच्या धाकानं वर जात होता, आणि आता हलकं वाटतंय म्हणून सांगायला आला होता. गहिनीनाथ जिन्यानं खाली उतरून गेला.

मार्गशीर्षात तो आईकडे निघाला. त्या वर्षी निजामाच्या हद्दीत शिरणं सोपं नव्हतं. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर त्याची ट्रंक तीनदा उपसली, जुने नकाशे कसले म्हणून दोन तास बसवून ठेवलं. आईनं निरोप पाठवला होता, की गावात तिला पाणी भरताना कुणी बोलत नाही, पण ती ठीक आहे. सटवाला मात्र चकलांब्यात कुणी काम दिलं नाही; बायकोला घेऊन तो शिरूर कासारकडे सासुरवाडीला गेला होता. गहिनीनाथ वाट वाकडी करून आधी तिथं गेला.

सटवा झोपडीपुढं बोचकं बांधत होता. नगरकडच्या कारखान्यावर ऊस तोडायला चाललेल्या टोळीत त्यानं नाव घातलं होतं. त्यानं कधी ऊस तोडला नव्हता. बायको चुलीची भांडी पोत्यात भरत होती. तिनं गहिनीनाथला पाणी दिलं आणि पुन्हा कामाला लागली.

गहिनीनाथनं मुंबईत काय झालं ते सगळं सांगितलं, राधाकिशनचा परवाना गेला, आपलाही गेला. सटवानं ऐकून घेतलं. चांगलं झालं, म्हणाला. मग दोरीची गाठ आवळता आवळता त्यानं विचारलं, "नाथभाऊ, एक इचारू? त्या दिशी होकायंत्र उघडल्यावर तुमाला कळलंच होतं ना, की त्यानं चोरी केली?"

"हो."

"मंग मला कावून इचारलं? आप्पाम्होरं?"

खटका लागलेला होता. तेवढा पुरावा पुरे होता. गहिनीनाथला फक्त ते कुणाच्या तरी तोंडून वदवून घ्यायचं होतं, चार माणसांत, म्हणजे आपण एकटे पडणार नाही. सटवाला पुढं करताना त्याचं काय होईल हे त्याच्या मनात आलंही नव्हतं. कदाचित आलं असेल आणि त्यानं ते बाजूला सारलं असेल. नीट आठवून बघायचं धाडस त्याला होईना.

"मला ते सुचलंच नाही," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच ते त्याला खोटं वाटलं.

सटवानं मान हलवली. रागानं नाही, आता काय त्याचं, अशी. बोचकं मोठं होतं, एका माणसाच्या हातानं गाठ बसत नव्हती. त्यानं दोरीचं दुसरं टोक गहिनीनाथकडे सरकवलं. गहिनीनाथनं ते धरलं, गुडघा बोचक्यावर रोवला आणि सटवा म्हणेल तसं ओढत राहिला.